‘इटर्नल फादर’ची चाल शोधताना : प्रकल्प नोंदी

४ मे २०२५

मंडळाचा नारळी पौर्णिमेचा कार्यक्रम यंदा समुद्राच्या गाण्यांचा करायचा ठरलंय. न्यूकासलमधे राहायचं, टाइन नदीच्या मुखाशी फिरायला जायचं आणि कार्यक्रमात मात्र फक्त कोळीगीतं म्हणायची हे मला काही पटेना, इथल्या किनाऱ्याचं एक तरी गाणं पाहिजेच असं मी मीटिंगमधे लावून धरलं आणि मग काम माझ्याच गळ्यात पडलं, जे मला हवंच होतं. गाणं मनात आधीच ठरलेलं होतं, ‘इटर्नल फादर, स्ट्राँग टू सेव्ह’. रॉयल नेव्हीची ही प्रार्थना. बुडालेल्या बोटींच्या स्मृतिसभेत, लाइफबोटवाल्यांच्या प्रार्थनेत, दर्यावर्दी माणसाच्या अंत्यविधीला, सगळीकडे हेच म्हणतात.

पहिल्या कडव्याचा भाव असा की ज्यानं खवळलेल्या लाटेला आवर घातला, ज्यानं खोल समुद्राला तुझी हद्द ही एवढीच म्हणून बजावलं, त्या पित्या, समुद्रावर जे संकटात आहेत त्यांच्यासाठी आम्ही हाक मारतोय, ती ऐक.

कॉयरमधल्या एकीने झेरॉक्स दिली त्यावर गीतकार संगीतकाराच्या जागी नुसतं ‘ट्रॅडिशनल’ छापलंय. आपल्याकडेही असंच होतं, कोणी तरी रात्र रात्र बसून लिहिलेलं असतं आणि शंभर वर्षांनी ते पारंपरिक होऊन बसतं. तेव्हा आधी शब्द कुणाचे, चाल कुणाची ते नीट शोधायचं, मग आपल्या लोकांना म्हणता येईल असं सरगममधे नोटेशन करायचं, आणि निवेदन लिहायचं पाचेक मिनिटांचं.

११ मे

शब्दांचा माणूस सापडला. विल्यम व्हायटिंग, जन्म १८२५ लंडनचा, आणि आयुष्य गेलं विंचेस्टरला. तिथल्या विंचेस्टर कॉलेजमधे गाणाऱ्या मुलांची एक तुकडी असते, सोळा मुलं, त्यांना क्विरिस्टर्स म्हणतात, त्या मुलांचा हा मास्तर. वीस वर्षांहून जास्त काळ त्याने हेच केलं, तिथेच १८७८ मधे गेला. प्रार्थना लिहिली १८६० मधे.

नेटवर दोन गोष्टी सगळीकडे फिरतात. एक म्हणजे तो स्वतः वादळात सापडून वाचला होता म्हणून लिहिलं, दुसरी म्हणजे त्याचा एक विद्यार्थी अमेरिकेला निघाला होता, घाबरला होता, त्याला धीर द्यायला लिहिलं. दोन्ही ऐकायला छान आहेत, पण जिथे बघावं तिथे एकमेकांचंच उतरवून घेतलेलं, त्यामुळे निवेदनात दोन्ही घेणार नाहीये. जे कागदावर आहे तेच भरपूर आहे.

कागदावर काय आहे तर व्हायटिंगचं मूळ हस्तलिखित ‘इटर्नल फादर’ने सुरूच होत नाही! तिथे सुरुवात समुद्राची हद्द आखून देणाऱ्याच्या वर्णनाने होते आणि ‘इटर्नल फादर’ ही ओळ येते चौथी. म्हणजे आधी वर्णन आणि मग हाक. १८६१ मधे ‘हिम्न्स एन्शंट अँड मॉडर्न’ नावाचं प्रार्थनांचं पुस्तक निघालं त्याच्या संपादकांनी ओळी फिरवल्या आणि हाक सुरुवातीला आणली. मला हा बदल अतिशय आवडला. संकटात माणूस आधी नाव घेतो, विशेषणं नंतर. व्हायटिंगने स्वतः १८६९ मधे पुन्हा हात फिरवलेला पाठही छापलेला आहे, पण लोकांच्या तोंडी बसला तो १८६१ चाच.

रचना एकदम घट्ट. चार कडवी, प्रत्येकी सहा ओळी, प्रत्येक ओळीत आठ अक्षरं. पहिलं कडवं पित्याला, दुसरं ख्रिस्ताला (पाण्यावरून चालला, वादळात निवांत झोपला होता तो), तिसरं पवित्र आत्म्याला, जो सृष्टीच्या आरंभी काळोख्या पाण्यावर घिरट्या घालत होता, आणि चौथं तिघांना मिळून. पहिल्या तीन कडव्यांच्या शेवटच्या दोन ओळी सारख्याच, आमची हाक ऐक म्हणणाऱ्या.

१८ मे

आता चाल. चालीचं नाव ‘मेलिटा’, केली जॉन बॅकस डाइक्स याने. इंग्रजी प्रार्थनांमधे चालीला स्वतःचं वेगळं नाव असतं, कारण एकाच मीटरच्या शब्दांना कुठलीही चाल लावता येते, आपण अभंग वेगवेगळ्या चालींत म्हणतो तसंच. मेलिटा म्हणजे माल्टा बेट. संत पौलाला कैदी म्हणून रोमला नेत होते तेव्हा जहाज वादळात सापडलं, चौदा रात्री भरकटलं आणि शेवटी या बेटाशी फुटलं. जहाजावर २७६ माणसं होती आणि सगळी वाचली. बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांमधे सत्ताविसाव्या अध्यायात आहे हे सगळं, आणि ते लिहिणारा माणूस समुद्र बघितलेला असणार, कारण मागच्या बाजूने चार नांगर टाकून सगळे सकाळ व्हायची वाट बघत बसले असा बारकावा त्यात आहे. समुद्रावरच्या प्रार्थनेच्या चालीला डाइक्सने नाव दिलं ते जिथे एकही माणूस बुडालं नाही त्या जागेचं. हे मी निवेदनात नक्की घेणार.

डाइक्स जन्मला १८२३ मधे हल बंदरात. वडील आधी जहाजं बांधायचे, नंतर बँकेत गेले. आजोबांच्या चर्चमधे हा पोरगा दहाव्या वर्षी ऑर्गन वाजवत होता. पुढे केंब्रिज, मग १८४९ पासून डरहॅम कॅथीड्रलमधे गायनाचा प्रमुख. १८६० मधे पुस्तकाचं काम चालू असल्याचं कळल्यावर त्याने संगीत संपादक विल्यम हेन्री मंककडे आपणहून चाली पाठवून दिल्या आणि १८६१ च्या आवृत्तीत त्याच्या सात चाली घेतल्या गेल्या. मेलिटा त्यातली एक. ‘होली, होली, होली’ची चालही त्याच सातांमधली.

म्हणजे शब्द विंचेस्टरचे, चाल डरहॅमची, इंग्लंडच्या दोन टोकांना दोन माणसं, आणि गाठ पडली ती संपादकांच्या टेबलावर. तेव्हापासून दोघं सुटी झालीच नाहीत. झेरॉक्सवरचं ‘ट्रॅडिशनल’ आजच खोडलं आणि पेनाने दोघांची नावं आणि सालं लिहिली.

२५ मे

आज प्रकल्पाचं काम असं नाही, आईचा रत्नागिरीहून फोन होता. यंदा पाऊस मेमधेच येऊन थडकला, वारा जोराचा, बंदरात बावटा लागलाय म्हणाली. “अगं, तीन नंबरचा लागलाय, बोटी सगळ्या आत आल्यात बहुतेक.” बाबा बोटीवर होते सगळी नोकरीभर, मर्चंट नेव्हीत, त्यामुळे आमच्या घरी बावट्याचा नंबर हा विषय चहा-साखरेइतका रोजचा.

फोन ठेवल्यावर या बावट्याच्या मागे लागले आणि थेट माझ्या गाण्याच्या काळातच जाऊन पोचले. ऑक्टोबर १८५९ मधे ‘रॉयल चार्टर’ हे जहाज ऑस्ट्रेलियाहून लिव्हरपूलला येत होतं, प्रवास संपतच आलेला, आणि वेल्सच्या अँगलसी बेटाशी वादळात खडकावर फुटलं, साडेचारशेच्या आसपास माणसं गेली. त्याच वादळात ब्रिटनच्या किनाऱ्यावर शंभराहून जास्त जहाजं बुडाली. या धक्क्यामुळे तिथल्या सरकारी हवामान खात्याचे प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय यांनी तारेने वादळाची सूचना बंदरांना द्यायची आणि बंदरावर खांबाला खुणा चढवायच्या अशी पद्धत काढली, पहिल्या सूचना गेल्या १८६१ च्या फेब्रुवारीत. बंदरावर खूण चढवून दर्यावर्द्यांना सावध करायची तीच रीत आपल्याकडे आजही चालू आहे.

आता व्हायटिंगने रॉयल चार्टरमुळेच लिहिलं असं मी म्हणणार नाही. पण १८६० मधे इंग्लंडात ज्या कुणी ही प्रार्थना वाचली असेल त्याच्या डोक्यात मागच्याच वर्षीचं ते वादळ ताजं असणार. एकाच वर्षात, १८६१ मधे, वादळाच्या सूचना सुरू होतात आणि हे गाणं छापून येतं. आईला सांगितलं तर म्हणाली, “मग हे सांग ना तुझ्या कार्यक्रमात, बावटा म्हटलं की आपल्या माणसांना लगेच कळेल.” बरोबर आहे तिचं.

७ जून

डरहॅमला जाऊन आले. न्यूकासलहून ट्रेनने पाव तास, पुलावरून कॅथीड्रल दिसतं तेव्हा डब्यातले सगळे मोबाइलमधून मान वर करतात. कॅथीड्रलमधे थोडी बसले पण मला मुख्य जायचं होतं ते सेंट ऑसवाल्ड्स चर्चला, १८६२ पासून डाइक्स तिथे व्हिकर म्हणजे मुख्य पाद्री होता. त्याचे तिथले दिवस फारसे सुखाचे गेले नाहीत. उपासनेच्या पद्धतीवरून बिशपशी वाद झाला, बिशप त्याला मदतनीस पाद्री नेमू देईना, डाइक्स कोर्टात गेला आणि १८७४ मधे हरला. एवढ्या मोठ्या पॅरिशचं काम एकट्याने ओढून तब्येत गेली, १८७६ मधे बावन्नाव्या वर्षी वारला. कुटुंबासाठी नंतर देशभरातून वर्गणी जमली, ती मुख्यतः त्याच्या चाली गाणाऱ्या लोकांकडून.

त्याची कबर चर्चला लागून नाही, पलीकडे दफनभूमीला जागा कमी पडायला लागली म्हणून त्यानेच खटपट करून मिळवलेल्या जमिनीत आहे. त्या जमिनीचं आता लहान मुलांचं खेळायचं मैदान झालंय. बाकीच्या कबरींची काही खूण उरलेली नाही, एकटी त्याचीच आहे. आणि ती त्याच्या एकट्याची नाहीये, धाकटी मुलगी मेबल १८७० मधे स्कार्लेट फीव्हरने गेली, दहा वर्षांची होती, तिच्याच कबरीत त्याला ठेवलं. मी गेले तेव्हा पोरं पळापळी करत होती, एक आई बाकावर बसून डबा उघडत होती. मला ती जागा फार आवडली. खूप वेळ थांबले, फोटो एकच काढला.

१४ जून

नोटेशनला बसले, अख्खा शनिवार. हार्मोनियमवर पांढरी एक धरली, कारण मूळ छापील स्वरलेखन सी मेजरमधेच आहे आणि आमच्या बायका पुरुष दोघांनाही ते झेपतं.

पहिली ओळ:

सा | ग – ग प प | ध ध प

एवढंच. सा पासून ग, प, आणि धैवताला शिवून परत पंचमावर. लहान मूलही एकदा ऐकून म्हणेल. चार मात्रांचा ताल आहे पण उचल चौथ्या मात्रेवरून, म्हणजे ‘इ’ समेच्या आधी आणि ‘टर्’वर सम, आणि समेवरचा गंधार दीड मात्रेचा. हा लांबवलेला गंधार सांभाळायला पाहिजे, आपले लोक त्याला सरळ केरव्यात कोंबतात आणि मग सगळा भारदस्तपणा जातो.

दुसऱ्या ओळीच्या शेवटी पहिली गंमत आहे. चाल पंचमावर अशी येऊन बसते की क्षणभर पंचमच षड्ज वाटायला लागतो. तानपुरा ॲप लावून म्हणून बघितलं तर तिथे खालचा सा कानाला टोचतो. मधल्या दोन ओळींत तर चाल आणखी लांब जाते, घरचा षड्ज सापडतच नाही, आणि शब्दही नेमके तिथे खोल समुद्राचे आणि त्याला घालून दिलेल्या हद्दीचे. तानपुरा बंद केला. हे गाणं एका षड्जावर उभं राहात नाही, खालचे कॉर्ड्स बदलतात तसा पाया हलतो, तेव्हा साथीला कीबोर्डच पाहिजे, चार आवाजांचं मूळ हार्मनायझेशन आहे तसं वाजवायचं.

आणि मग पाचवी ओळ, ‘आमची हाक ऐक’ वाली:

प | ग – ग म म | मं मं प

दोन्ही मध्यम! आधी शुद्ध, लगेच तीव्र, मग पंचम. ग म मं प, अर्ध्या अर्ध्या स्वराने वर चढत जाणारी ओळ, प्रत्येक स्वर दोनदा म्हणायचा आणि मगच पुढची पायरी. आपल्या रागसंगीतात दोन मध्यम असे पाठोपाठ आले की कान टवकारतात, इथे ते अगदी साध्या बिलावलसारख्या चालीत अचानक येतात आणि पोटात तुटतं. मी ही ओळ किती वेळा वाजवली कुणास ठाऊक. ताना नाहीत, उंच स्वर नाही, आवाज वाढवायची खूणसुद्धा लागत नाही. माणूस एकदा विचारतो, ऐकलं नाही असं वाटून थोडं वरून परत विचारतो, मग आणखी थोडं वरून. सहावी ओळ मग सगळ्यांना शांतपणे षड्जावर आणून सोडते.

विसाव्या शतकातल्या बऱ्याच जाणकारांनी व्हिक्टोरियन काळाच्या या अर्ध्या स्वरांच्या चालींना गोडगोड म्हणून नाकं मुरडली, डाइक्सच्या कितीतरी चाली पुस्तकांतून गेल्या. मेलिटा गेली नाही. मला तरी वाटतं या पाचव्या ओळीमुळेच.

अजून एक. चौथ्या कडव्यात पाचव्या ओळीचे शब्द बदलतात, तिथे हाक नाही, जमिनीवरून आणि समुद्रावरून तुझी स्तुती वर चढत राहील असं आहे. चाल तीच, ग म मं प. तीन कडवी जी चढण गयावया करत होती ती चौथ्यात आनंदाची होते, स्वर एकही न बदलता.

२९ जून

टाइनमथला गेले होते. नदीच्या मुखाशी ब्लॅक मिडन्स नावाचे खडक आहेत, ओहोटीला काळे काळे वर दिसतात, किनाऱ्यापासून इतके जवळ की ओरडलं तर ऐकू जाईल. नोव्हेंबर १८६४ मधे ‘स्टॅन्ले’ नावाची आगबोट आणि आणखी जहाजं या खडकांवर चढली आणि किनाऱ्यावर जमलेल्या शेकडो लोकांच्या डोळ्यांदेखत माणसं बुडाली. दोराने माणसं ओढून काढायचं सामान होतं, पण ते चालवायला शिकलेले हात पुरेसे नव्हते. त्यातून त्याच वर्षी गावकऱ्यांनी टाइनमथ व्हॉलंटिअर लाइफ ब्रिगेड काढली, ब्रिटनमधली अशी पहिली. त्यांचं वॉच हाऊस अजून आहे, आत बुडालेल्या जहाजांच्या नावाच्या पाट्या आणि नाळेवरचे लाकडी पुतळे ठेवलेत.

तिथे कठड्याला टेकून उभी राहिले आणि निवेदन कुठून सुरू करायचं ते कळलं. हे खलाशांचं गाणं नाहीच. खलाशांची गाणी वेगळी, दोर ओढायची, शीड चढवायची, त्यात दम आणि ठेका असतो. हे किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसांचं गाणं आहे, ज्यांच्या हातात त्या क्षणी दुसरं काही नाही त्यांचं. लिहिणारा शाळामास्तर, चाल लावणारा पाद्री, आणि शब्दही बघा ना, ‘आम्हाला वाचव’ असं पहिल्या तीन कडव्यांत कुठेही नाही, ‘समुद्रावर आहेत त्यांना’ असंच. बाबा साइन ऑन करून गेले की आई रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना जे पुटपुटायची ते याहून वेगळं नव्हतं.

१२ जुलै

निवेदनासाठी पुढचा प्रवास गोळा केला. खूप आहे, निवडावं लागेल.

अमेरिकेत ॲनापोलिसच्या नेव्हल ॲकॅडमीत १८७९ मधे चार्ल्स जॅक्सन ट्रेन या अधिकाऱ्याने रविवारची उपासना याच्या पहिल्या कडव्याने संपवायची प्रथा सुरू केली. १४ एप्रिल १९१२ ला संध्याकाळी टायटॅनिकवर सेकंड क्लासच्या डायनिंग हॉलमधे प्रवासी जमून भजनं म्हणत होते त्यात हे म्हटलं गेलं, लॉरेन्स बीझली नावाच्या वाचलेल्या प्रवाशाने लिहून ठेवलंय. हिमनगाला काही तासच उरले होते. (सिनेमात सकाळी फर्स्ट क्लासमधे दाखवलंय, ते सोडा.) ज्यांनी म्हटलं ते दुसऱ्या कुणासाठी म्हणून म्हणत होते.

१० ऑगस्ट १९४१, न्यूफाउंडलंडजवळ ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ या युद्धनौकेच्या डेकवर चर्चिल आणि रूझवेल्ट, दोन्ही देशांचे नौसैनिक एकमेकांत मिसळून उभे, आणि चर्चिलनी निवडलेल्या प्रार्थनांत ही एक. बरोबर चार महिन्यांनी, १० डिसेंबरला, जपानी विमानांनी ती नौका मलायाजवळ बुडवली, तिच्यावरचे ३०० हून जास्त लोक गेले. १९६३ मधे केनेडींची शवपेटी कॅपिटॉलच्या पायऱ्यांवरून वर नेत असताना नेव्हीच्या बँडने हीच चाल वाजवली, ते स्वतः नेव्हीतले.

आणि माझं सगळ्यात लाडकं, बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराचं ‘नोयेज फ्लड’ हे संगीतनाटक, १८ जून १९५८, ऑरफर्डच्या चर्चमधे पहिला प्रयोग. नोहाच्या प्रलयाची गोष्ट, बरेचसे कलाकार शाळकरी मुलं. पावसाचे पहिले थेंब म्हणजे दोरीला टांगलेले चहाचे मग, त्यावर चमच्याने टुणटुण. वादळ वाढत वाढत जातं आणि ऐन भरात ‘इटर्नल फादर’ सुरू होतं, आणि बघायला आलेले सगळे त्यात आवाज मिळवतात. ब्रिटनने प्रेक्षकांनाच किनाऱ्यावर उभं केलं.

१७ जुलै

आजच्याच तारखेला १९४७ मधे रामदास बोट बुडाली. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, तासाभराच्या आत उलटली, सहाशेच्या वर माणसं गेली, अमावास्या होती, लोक सणाला घरी निघालेले. मुंबईला कळायला कित्येक तास लागले. चौथ्या कडव्यात खडक, वादळ, आग आणि शत्रू यांपासून आमच्या भावंडांना वाचव असं आहे. निवेदन त्या कडव्याच्या आधी थांबवून रामदासचा उल्लेख करायचा ठरवलं. मंडळात अलिबागकडचे दोघे तिघे आहेत, त्यांना विचारलं, ‘नक्की करा’ म्हणाले.

२६ जुलै

पहिली पूर्ण प्रॅक्टिस. बारा जण, त्यात पाच जणांना स्टाफ नोटेशन येत नाही, सरगमवर दोन तासांत उभे राहिले. पाचव्या ओळीत मात्र सगळे तीव्र मध्यमावर मींड घ्यायला लागले, सवयच आपली. मींड नको, पायरी पायरीने, मं वर स्वच्छ पाय ठेवा असं सांगून सांगून तिसऱ्यांदा जमलं, आणि जमलं तेव्हा खोलीतले सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तबलेवाला काका म्हणाला, “मी वाजवतच नाही याला, नुसता बसतो.” अगदी बरोबर.

लय ठरवली, सावकाश पण रेंगाळणारी नाही, एका श्वासात एक ओळ पूर्ण व्हायला हवी.

३ ऑगस्ट

क्रम पक्का. पहिलं कडवं सगळे एका आवाजात, दुसरं फक्त बायका, तिसरं पुरुष खालच्या सप्तकात आणि कीबोर्ड अगदी बारीक, मग रामदासबद्दल चार वाक्यं, मग चौथं चार आवाजांत आणि प्रेक्षकांना उभं राहायला सांगायचं, शब्द देवनागरीत छापून खुर्च्यांवर ठेवलेत. शीर्षकाखाली: शब्द विल्यम व्हायटिंग, १८६०, चाल मेलिटा, जॉन बॅकस डाइक्स, १८६१. यानंतर लगेच टाळ्या नकोत म्हणून मधे न थांबता थेट नारळाच्या गाण्यावर जायचं, ढोलकी तयार ठेवायची. आईला व्हिडिओ कॉलवर ठेवणार आहे, तिकडे तेव्हा रात्र होईल पण जागी राहते म्हणालीये.